एका जेवणाला लागणारा वेळ

दुसऱ्या मजल्यावर मोजणी होणार हे कळलं ते लिफ्टशेजारच्या फळ्यावरून. एरवी त्या फळ्यावर वार, तारीख आणि आजची हवा खडूने लिहिलेली असायची, इथल्या मंडळींना दिवसाचं भान राहावं म्हणून. सोमवारचा वार गुरुवारपर्यंत तसाच राहायचा आणि बाहेर धो धो पाऊस असला तरी फळ्यावर 'कडक ऊन' असायचं, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्या दिवशी मात्र ऊन पुसून तिथे एक छापील कागद डकवला होता. 'येत्या सोमवार ते बुधवार संस्थेच्या कार्यक्षमतेचा अभ्यास करण्यात येईल. सर्वांनी नेहमीप्रमाणे वागावे.'

"नेहमीप्रमाणे वागा असं लिहून लावावं लागतं, तेव्हाच समजावं," हेडबाई म्हणाल्या. त्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. "शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा मीसुद्धा हेच लिहून लावायची. आणि आदल्या दिवशी पोरींची नखं कापून घ्यायची."

संस्था म्हणजे म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह. पाटीवर शुश्रूषागृह, बोलण्यात होम. पहिल्या मजल्यावर हिंडतीफिरती माणसं होती, आणि दुसऱ्यावर अशी, की ज्यांना निदान एक तरी गोष्ट आपली आपण करता येत नाही. खाटा सव्वीस. कोणाला उठता येत नव्हतं, कोणाला बसता येत नव्हतं, आणि खिडकीजवळच्या दोघा भावांना गप्प बसता येत नव्हतं. ते दिवसभर एकमेकांवर कुरघोडी करत घंटी वाजवायचे. एकाने पाणी मागितलं की दुसऱ्याला त्याच क्षणी उशी सरळ करून हवी असायची.

सेकंदआजोबांनी तो कागद चाकाच्या खुर्चीतून दोनदा वाचला. झटका आल्यापासून त्यांचं उजवं अंग कामातून गेलं होतं. पण कागद वाचता वाचता डाव्या हाताची बोटं आपोआप मिटली आणि अंगठा वर आला. एकतीस वर्षं त्या अंगठ्याखाली स्टॉपवॉच होतं.

यंत्रांच्या एका मोठ्या कारखान्यात ते टाइम स्टडीवाले होते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे कामगाराच्या पाठीशी उभं राहून मोजायचं आणि कागदावर मांडायचं, एवढंच काम. कामगार त्यांना तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे सेकंद. कॅन्टीनमध्ये ते ज्या टेबलावर बसत ते टेबल हळूहळू रिकामं होई. त्यांच्यादेखत कोणी विनोद सांगत नसे, कारण विनोदाला लागणारा वेळ हा माणूस कुठे लिहून ठेवील याचा नेम नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी दुपारचं जेवण एकट्याने, अकरा मिनिटांत उरकलं.

आता त्याच जेवणाला चोपन्न मिनिटं लागत होती. गळ्याचा उजवा भाग बधिर झाला होता. घास गालात जाऊन बसायचा आणि मुक्काम ठोकायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रत्येक घास दोनदा गिळायचा, घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाईल. पण गिळ म्हटल्याने माणूस गिळत नाही. आजोबा घास गालात ठेवून भिंतीकडे बघत बसत आणि आपण जेवतोय हेच विसरून जात.

यावर तोड काढली होती मावशीने. मावशी या मजल्यावर नऊ वर्षं होती. अंघोळी, कपडे, जेवणं, सगळं बघायची. भरवायला तिच्याकडे तीन जण होते आणि त्यात आजोबा शेवटचे. तिच्या नणंदेने अकरा वर्षांपूर्वी एक लोखंडी कपाट मावशीच्या घरी आणून ठेवलं होतं, कुलूप लावून. "घर बांधलं की नेते," म्हणाली आणि गेली. या कपाटाची गोष्ट मावशी घासाघासाने सांगायची. नेमका घास गालात गेला की ती थांबायची.

"मग?" असं आजोबांचे डोळे विचारत.

"आधी गिळा. मग सांगते."

ते गिळत. दोनदा. गोष्ट पुढे सरकायची. अशा रीतीने वर्षभरात आजोबांचं वजन चार किलोंनी वाढलं होतं, आणि त्या कपाटाबद्दल मावशीच्या नवऱ्यापेक्षा त्यांना जास्त माहिती झाली होती.

शुक्रवारी चहानंतर सिस्टरनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत गोळा केलं. दुसऱ्या मजल्याची सगळी जबाबदारी या सिस्टरची. बाई मनाने चांगली, पण तपासणी म्हटलं की तिला दुसरं काही दिसत नसे.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, "संचालकांची पाच होम आहेत. पाचही ठिकाणी मोजणी होणार. जो मजला ढिला निघेल तो बंद करून तिथली माणसं हमरस्त्यापलीकडच्या होममध्ये हलवणार, असं कानावर आलंय. खरं खोटं देव जाणे. पण तीन दिवस माझी लाज राखा. झटपट उठायचं, झटपट जेवायचं, उगाच घंट्या वाजवायच्या नाहीत."

सेकंदआजोबांनी डावा हात वर केला. त्यांना बोलता येत होतं, फक्त झटक्यापासून एका शब्दातून दुसऱ्या शब्दात जायला वेळ लागायचा, अरुंद जिन्यावरून पेटी न्यावी तसा.

"घ... ड्याळ... वाला... आला... की..."

सगळे थांबले. चार सेकंद थांबले. इतक्या माणसांच्या मानाने ते फार झालं.

"की भराभर आवरायचं!" हेडबाईंनी वाक्य पुरं केलं. शाळेत अडखळणाऱ्या मुलींची वाक्यं पुरी करायची त्यांना जन्माची सवय. "अगदी बरोबर! ऐकलंत ना? यांचं आयुष्य गेलंय यात!"

टाळ्या पडल्या. आजोबांनी मान हलवली. नकारार्थी हलवली, पण झटक्यापासून त्यांची मान दोन्हीकडे सारखीच हलायची.

त्यांना म्हणायचं होतं ते बरोबर उलट. घड्याळवाला आला की हात आखडायचा असतो. कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही हे कळत होतं. लेथवरचा जो माणूस एरवी सात मिनिटांत नग काढायचा, तो आजोबा मागे उभे राहिले की चष्मा पुसायचा, यंत्राला तेल द्यायचा, नग उलटसुलट करून बघायचा आणि अकरा मिनिटं घ्यायचा. कारण त्या दिवशी जो आकडा कागदावर चढेल तो जन्मभर मानगुटीवर बसणार. सात दाखवली तर उद्यापासून सातच मिनिटं, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याचंही काम. आजोबांना या चालढकलीचा मनस्वी राग. एकतीस वर्षांत आपल्याला एकही खरा आकडा मिळाला नाही, ही त्यांची खंत होती. पण राग वेगळा आणि हिशेब वेगळा. मजला झटपट दिसला तर मावश्या कमी होणार, एवढं त्यांना लख्ख दिसत होतं.

हे सगळं त्यांनी संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती त्यांच्या गळ्यातला रुमाल सोडत होती. तिने रुमालाची घडी घातली, घडी मोडली, परत घातली, पण मधे तोंड घातलं नाही. वाक्य संपल्यावर म्हणाली, "कळलं हो आजोबा. पण मुद्दाम हळू करायला मला वेळ कुठंय?"

आणि सिस्टरनी तिला आधीच तंबी दिली होती: तीन दिवस तोंडाला कुलूप. कपाट बंद.

सोमवारी तो आला. चाळिशीचा, नम्र, पायात निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेला. हातात टॅब होता, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव टॅबवाला पडलं. टॅबवर दोन बटणं होती. काम चाललं की हिरवं, काम थांबलं की लाल. नोंद बंद केली की ती तडक मुख्य कचेरीत जायची. मधे माणसाचा हात लागून आकडे बिघडू नयेत म्हणून ती नंतर कोणालाच बदलता यायची नाही. खुद्द टॅबवाल्यालाही नाही. हे त्याने सिस्टरला अभिमानाने सांगितलं. आजोबांनी ते ऐकलं आणि त्यांना त्याचा हेवा वाटला.

तीन दिवस दुसऱ्या मजल्याने जे करून दाखवलं ते बघून पहिल्या मजल्याने माना खाली घालाव्यात. हेडबाई कठड्याला धरून आपल्या पायांनी बाथरूमला गेल्या, आणि परतही आल्या. दोघे भाऊ हात पांघरुणात घालून, ओठ मिटून पडून राहिले; तहान लागली तरी एकमेकांकडे नुसते बघत. एका आजींनी आपली वेणी आपण घातली. ती कानाच्या वर कुठेतरी सुरू होऊन मधेच संपली, पण तीन मिनिटं वाचली.

आजोबांचे घास बंद झाले. वेळ वाचावा म्हणून सिस्टरनी सगळं एकत्र पातळ करून नळीच्या पेल्यातून द्यायला सांगितलं. मावशी पेला धरायची आणि खिडकीबाहेर बघायची. टॅबवाल्याचा अंगठा हिरव्यावर होता. सोमवारी बावीस मिनिटं लागली. मंगळवारी आजोबांना दोनदा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून थोडं सूप आलं, आणि मावशीने पाठ चोळत सिस्टरकडे असं पाहिलं की सिस्टरना औषधांचं कपाट आवरायचं आठवलं. पण भिंतीवरच्या घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती. एकोणीस! आजोबांची छाती फुगली. माणूस आपल्या धंद्यात किती मुरतो बघा. स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरत असली तरी ती किती वेळात फिरली याकडे त्याचं लक्ष. बुधवारी त्यांनी अठरा मिनिटांत पेला संपवला आणि मावशीकडे अशा चेहऱ्याने पाहिलं, की जणू बक्षीसच हवं होतं.

"शाब्बास," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या खोलीत अहवाल वाचून दाखवायचा समारंभ झाला. संचालक स्वतः आले होते. भिंतीवर पांढरा पडदा लावून त्यावर चित्रं दाखवली. शुश्रूषागृहाच्या कार्यक्षमतेवर परिणाम करणारे घटक नऊ आहेत असं टॅबवाला म्हणाला. खाटा किती आणि त्यातल्या भरलेल्या किती, परिचारिका आणि मावश्यांचं प्रमाण काय, होम एकटं आहे की साखळीतलं, जवळपास दुसरं होम आहे का, वगैरे. प्रत्येक घटकाला वेगळा रंग होता. सगळे रंग वाटोळ्या चित्रात बसवल्यावर जागा उरली नाही. म्हातारे कुठे आहेत, हे हेडबाईंनी विचारलं.

"ते या 'इतर'मध्ये, मॅडम," टॅबवाला म्हणाला. तिथे करड्या रंगाची एक बारीक फट होती.

मग निकाल. दुसरा मजला पाचही होममध्ये पहिला आला होता. संचालकांनी सिस्टरना काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्यावर संचालक म्हणाले की या मजल्यावरची माणसं इतकी स्वावलंबी आहेत की सहा मावश्यांचं काम चौघींत सहज होतं, तेव्हा एक तारखेपासून दोन जागा रद्द. पहिलं नाव मावशीचं. कारण तिच्याकडच्या तिघांनी सगळ्यात जास्त प्रगती केली होती.

मावशी मागे ट्रॉलीला धरून उभी होती. ट्रॉलीवरचे पेले तिने एकात एक घातले. सिस्टर प्रशस्तिपत्र छातीशी धरून उभ्या होत्या. त्याचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

आजोबांच्या डोळ्यांपुढे पेला आला. नळीचा, पातळ, मुका पेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि त्या कपाटात काय आहे हे न कळताच मरायचं.

त्यांनी डावा हात वर केला.

"वा!" संचालक म्हणाले. "आजोबांना आभार मानायचेत!"

"अ..." आजोबा म्हणाले.

"असू द्या, असू द्या, भावना पोचल्या."

"थांबा," मागून मावशी म्हणाली. नऊ वर्षांत तिने या खोलीत मोठ्याने काढलेला हा पहिला शब्द. "त्यांचं वाक्य संपायचंय."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. हेडबाईंनी तोंड उघडलं, मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, हेडबाईंनी तोंड मिटलं. खोली थांबली. बाहेर लिफ्ट वर आली, कोणी न उतरता खाली गेली.

"अ... लाउन्स... किती... धरलात?"

टॅबवाला चमकला. परदेशात एखाद्याने आपल्या गावची भाषा बोलावी तसं त्याचं झालं. तो पुढे आला आणि खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"पंधरा टक्के जादा वेळ, सर." सर हा शब्द त्याच्या तोंडून आपसूक गेला.

"कशा... चा?"

"थकवा, पाणी पिणं, बाथरूम. कर्मचाऱ्यांचा नेहमीचा."

"आणि... जॉबचा?"

कारखान्यात ज्या वस्तूवर काम करायचं तिला जॉब म्हणतात. जॉब सरळ असेल तर एक वेळ. तडा गेलेला, वाकलेला, गंजलेला असेल तर जादा वेळ द्यावा लागतो. न देणाऱ्याला टाइम स्टडीवाला म्हणत नाहीत, कसाई म्हणतात. आजोबांनी डावा हात सगळ्या खोलीवरून फिरवला. "हे... सव्वीस... जॉब. अवस्था... काय... लिहिलीत?"

टॅबवाल्याने टॅब उघडला. अवस्था नावाचा रकाना होता. त्यात यंत्राने आपणहून 'सामान्य' भरलं होतं, सव्वीसच्या सव्वीस ठिकाणी.

"मला सामान्य म्हणतो?" हेडबाई कडाडल्या. तीन दिवस आपल्या पायांनी चालल्यापासून त्यांचा गुडघा कलिंगडाएवढा झाला होता आणि त्यावर बर्फाची पिशवी होती. "माझ्या हाडांचे फोटो आण रे कोणीतरी! मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही हात टेकलेत माझ्यापुढे!"

"आमच्या दोघांत चार मूत्रपिंडं, त्यातलं चालू एक," थोरले भाऊ म्हणाले.

"ते माझं," धाकटे म्हणाले.

टॅबवाल्याने एकेक 'सामान्य' बोटाने सरकवत सव्वीसापर्यंत पाहिलं. "सर, पुन्हा मोजायला लागेल," तो संचालकांना म्हणाला.

"अहो पण अहवाल छापून झालाय!"

"छापल्याने चूक सुधारत नाही, सर. पक्की होते."

"आणि... या वेळी..." आजोबा म्हणाले. सगळे थांबले. आता सवय झाली होती. "न सांगता... या."

टॅबवाला न सांगता येणार म्हटल्यावर मजल्याने रोज तयारी सुरू केली. आता हळू करायचं एवढं सगळ्यांना कळलं होतं आणि त्यात मंडळी पहिल्या खेपेपेक्षा रंगली. थोरल्या भावाने कण्हायचे तीन प्रकार बसवले. हेडबाईंनी लंगडण्याचा वर्ग घेतला. ज्यांना मुळात चालताच येत नव्हतं त्यांनाही लंगडायला शिकवलं. आजोबांनी हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

"नाही. सोंग... नाही. खरं... तेवढंच."

"म्हणजे आहोत तसंच राहायचं?" हेडबाईंचा हिरमोड झाला. "मग आमचा उपयोग काय?"

पण आजोबा हटले नाहीत. एकतीस वर्षांत मिळाला नव्हता तो खरा आकडा त्यांना एकदा तरी हवा होता, आणि तो चोपन्न होता हे त्यांना ठाऊक होतं. चोपन्नावर मावशीची जागा राहत होती. चोरी करायची गरजच नव्हती. काळजी एकाच गोष्टीची होती: मावशी बोलेल तेव्हा तो हिरवं दाबेल की लाल?

तो मंगळवारी आला, बरोबर जेवणाच्या वेळी. निळ्या पिशव्या चढवल्या, स्टूल ओढलं, आजोबांच्या पलंगाशी बसला आणि नोंद सुरू केली. मावशीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी प्रशस्तिपत्राकडे पाहिलं, ते त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं, आणि म्हणाल्या, "बोल बाई. तुझं ते कपाट उघड."

मावशीने पहिला घास दिला. "तर काय, परवा नणंद आली. अकरा वर्षांनी."

टॅबवाल्याने लाल दाबलं.

"एकटी नाही, टेम्पो घेऊन. माझ्या घरात ते कपाट दारामागं. त्यामुळं दार अर्धंच उघडतं, आम्ही सगळे आडवे होऊन आत जातो. माझी जाऊ जरा अंगानं आहे, तिला येताच येत नाही. तेवढा एक फायदा. तर ही नणंद दारात उभी आणि म्हणते..."

मावशी थांबली. आजोबांच्या गालात घास होता.

"काय म्हणते?" असं कोणीतरी म्हणालं. टॅबवालाच होता.

"आधी गिळू द्या त्यांना."

आजोबांनी गिळलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. गळ्यातली घाटी वर गेली, खाली आली. आणि गिळता गिळता त्यांनी डाव्या हाताचं बोट आधी मावशीच्या तोंडाकडे नेलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. टॅबवाल्याने ते पाहिलं. पुढच्या घासाला त्याचा अंगठा लाल आणि हिरव्याच्या मधे हवेत राहिला. त्याच्या पुढच्या घासाला, मावशी बोलत असताना, तो हिरव्यावर टेकला.

"म्हणजे बोलणं हे कामाचं हत्यार आहे," तो हळूच म्हणाला.

आजोबांनी मान हलवली. दोन्हीकडे सारखीच, पण या वेळी समजली.

"म्हणते, वहिनी, कपाटाला हात नाही ना लावला? मी म्हटलं, बाई गं, हात? अकरा वर्षं अख्खं अंग लावतेय, येता जाता! तिनं किल्ली काढली. लावली. फिरेना. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतेस, मी काय कुलूप आहे?"

घास. गिळणं. दोनदा.

"मग दिरानं किल्लीवाला आणला. तो खाली बसला, कुलपाला कान लावला आणि एकदम मागं सरकला."

"का?" टॅबवाला म्हणाला. टॅब त्याच्या मांडीवर उताणा पडला होता. खिडकीजवळचे भाऊ घंटी वाजवायचे विसरले होते. हेडबाईंनी आपली खुर्ची कधी इथवर आणली हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

"गिळलं का? हं. तर म्हणतो, ताई, आतून कडी आहे."

"आतून?" टॅबवाल्याचा आवाज चिरकला. "कपाटाला आतून कडी कशी असेल?"

"तेच मी म्हटलं!"

भिंतीवरच्या घड्याळात पन्नास मिनिटं झाली. एकावन्न. ताटलीत केळ्याचा एक तुकडा उरला. चोपन्न. त्याच वेळी टॅबवाल्याचा फोन वाजला. संचालक खाली थांबले होते आणि चिडले होते. तो धडपडत उठला, सगळ्यांचे आभार मानले, टॅब काखेत मारला आणि निघाला.

आजोबांचं लक्ष त्या काखेकडे गेलं. टॅबवरचे आकडे पळत होते. त्याने नोंद बंद केली नव्हती. चोपन्न मिनिटं बारा सेकंद, तेरा, चौदा. जिन्याने गेला तरी पळणार, घरी जाऊन जेवला तरी पळणार, आणि कधीतरी त्याच्या लक्षात येऊन त्याने बंद केली की तो आकडा तडक मुख्य कचेरीत जाणार, कोणाच्याही हाताने न बदलता येणारा.

एकतीस वर्षांत आजोबांनी मोजण्यातली एकही चूक पुढे जाऊ दिली नव्हती. अर्ध्या सेकंदासाठी त्यांनी माणसं परत बोलावली होती. आणि आज तर खरा आकडा त्यांच्या हाताशी होता, स्वच्छ, सुबक चोपन्न. फक्त हाक मारायचा अवकाश. टॅबवाला लिफ्टपाशी पोचला. आजोबांनी हाक मारायला तोंड उघडलं.

मावशीने त्यात केळ्याचा तुकडा घातला.

ते चावू लागले. नियमाप्रमाणे, दोनदा गिळायचं म्हणून. पहिल्यांदा गिळलं तेव्हा लिफ्टचं दार लागायला आलं होतं. दुसऱ्यांदा गिळायला त्यांनी जरा वेळ घेतला.

नवा अहवाल पंधरा दिवसांनी आला. त्याप्रमाणे दुसऱ्या मजल्यावरच्या एका रहिवाशाच्या एका जेवणाला सहा तास चाळीस मिनिटं लागत होती आणि पहिले दोन घास सोडले तर हा संपूर्ण वेळ हिरवा होता. सहा मावश्या अपुऱ्या असून आठ नेमाव्यात, अशी शिफारस होती. संचालक तो कागद घेऊन स्वतः वर आले.

"दुपारचं जेवण सहा तास चाळीस मिनिटं? मग संध्याकाळचं सुरू कधी होतं?"

"लगेच, सर," सिस्टर म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

प्रशस्तिपत्र ते परत घेऊन गेले. भिंतीत खिळा राहिला, त्यावर आता आजोबांचा गळ्याचा रुमाल असतो. संध्याकाळी टॅबवाल्याचा फोन आला. सिस्टरना वाटलं, आता चूक सापडली, आता पुन्हा मोजणी. पण तो इकडचं तिकडचं बोलला, अवस्थेचा रकाना पाचही होमसाठी दुरुस्त केल्याचं म्हणाला, आणि शेवटी खाकरून म्हणाला, "मॅडम, ते कपाट..."

"ते असं फोनवर कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "जेवायच्या वेळेला या."

फोन ठेवून त्या आजोबांच्या पलंगाशी आल्या. मावशी रुमाल बांधत होती. ताटलीत सगळं वेगवेगळं होतं, घासाघासाचं.

"आजोबा, खरं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी नेमका किती वेळ लागला होता हो?"

आजोबांनी डावा हात पांघरुणात घातला, अंगठ्यासकट.

"मो... जलं... नाही," ते म्हणाले.

एवढं बोलायला त्यांना नऊ सेकंद लागले. ते मात्र त्यांनी मोजले.